एकूण सव्वीस किलोमीटर

मित्रांनो, मला भेटायचे असेल तर थोडे कष्ट पडतील. आधी गाडीची डिकी उघडा. आतले क्रिकेटचे किट, मोडकी छत्री आणि कुणाच्या तरी लग्नातला रिकामा खोका बाहेर काढा. खालचा गालिचा उचला. गालिच्याखाली एक पुठ्ठा आहे, तोही बाजूला करा. आता अंधारात, पोटावर मोठा स्क्रू आवळून आडवे टाकलेले जे जुने चाक दिसेल, ती मी. लोक मला स्टेपनी म्हणतात. माझे वय तेरा वर्षे आहे. या तेरा वर्षांत मी एकूण सव्वीस किलोमीटर धावले. वर्षाला सरासरी दोन.

आम्ही पाच बहिणी. एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेल्या. रबर केरळचे, कारखाना मद्रासजवळचा. मद्रासचे तेव्हा नुकतेच चेन्नई झाले होते, पण कारखान्यात ते अजून कुणी मनावर घेतले नव्हते. तिथून आम्हाला मोटारीच्या कारखान्यात नेले. चौघींना गाडीखाली बसवले आणि मला डिकीत ठेवले. निवड कशी झाली, हे मी विचारले नाही. हाताला मी सगळ्यांत शेवटी लागले, एवढेच.

गाडी जपानी कंपनीची. नाव सांगत नाही. सांगितले तर जाहिरात होईल, आणि तिला आता जाहिरातीची गरज उरलेली नाही. कंपनीने प्रत्येक गाडीसोबत सोळा पानांची एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती. ती बराच काळ माझ्या छातीवर पालथी पडून असे, म्हणून घराण्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे. मूळ पुरुष शिलाई मशीन बनवत. मग लढाई झाली, कारखाना जळाला, आणि उरलेल्या पत्र्यातून त्यांनी सायकलला लावायचे इंजिन केले. पुढच्या पानावर मोटार. त्याच्या पुढच्या पानावर बोटीत चढणाऱ्या मोटारींची रांग. नव्वदनंतर आपल्या देशाने दार किलकिले केले आणि पंधराव्या पानावर हिंदुस्थान आला. सोळाव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की आमच्या शंभर मालकांपैकी ब्याण्णव मालक अत्यंत समाधानी आहेत.

या सोळा पानांत एकोणचाळीस छायाचित्रे आहेत. स्टेपनीचे एकही नाही. मी रागावले नाही. ज्या घराण्यात कुणाचे काही बिघडतच नाही, तिथे माझे छायाचित्र कशाला छापतील?

आमचे पहिले मालक नामदेवराव बिरादार. विजेच्या खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे भालकीकडचे, राहायला निजामाच्या शहरात, बरकतपुऱ्यात. त्यांची आधीची गाडी त्यांना सात वर्षे नंबर लावून मिळाली होती. तिच्या पाचही चाकांना सारखेच काम असे. ही जपानी गाडी मात्र पैसे भरल्यावर बाराव्या दिवशी दारात आली, आणि त्या धक्क्यातून नामदेवराव कधी सावरले नाहीत. त्यांनी सीटांवरचे प्लास्टिक काढू दिले नाही. गल्लीतल्या लोकांना इंजिन सुरू करून ते म्हणत, "आवाज आला? नाही ना? चालूच आहे." कंपनीकडून समाधानाचा फॉर्म आला तेव्हा त्यांनी त्यातल्या सोळाही प्रश्नांना 'अत्यंत समाधानी' अशी खूण केली. सोळावा प्रश्न होता, 'घरातील इतर व्यक्ती या गाडीबाबत समाधानी आहेत का?' तोही त्यांनी कुणाला न विचारता सोडवला.

घरात इतर व्यक्ती दोन होत्या. एक त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाई. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण भामाबाई. त्यांना सगळे अक्का म्हणत. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या. तेव्हापासून कुणाचे बाळंतपण आले की अक्का, कुणाला कावीळ झाली की अक्का, सगळे तिरुपतीला निघाले की घर राखायला अक्का. काम झाले की त्या मागच्या खोलीत परत जात. त्या खोलीची खिडकी गाडीच्या शेडमध्ये उघडत असे, बरोबर माझ्या डिकीसमोर. म्हणून त्या घरात मला सगळ्यांत जवळच्या त्याच. त्यांना हे ठाऊक नव्हते.

बिदरला अक्कांची एक मैत्रीण होती, सावित्रीबाई. दोघी एका शाळेत, एका बाकावर बसलेल्या. दर महिन्याला सावित्रीबाईंचे पत्र येई. अक्का ते मोठ्याने वाचत, कारण तसे वाचले की लिहिणारी समोर बसल्यासारखी वाटते, असे त्यांनी त्रिवेणीबाईंना एकदा सांगितले होते. दोघींची भेट होऊन अकरा वर्षे झाली होती. गाडी आल्यापासून अक्का दर उत्तरात एक ओळ लिहीत, की नामदेव मला गाडीतून आणणार आहे. नामदेवरावही ते दर महिन्याला कबूल करत. मग कधी रस्ता खराब निघे, कधी गाडीवर धूळ बसेल अशी भीती निघे.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत एक छोटे पत्र आले. अक्षर सावित्रीबाईंचे नव्हते. त्यांची नजर गेली होती. त्यांचा मुलगा प्रमोद त्यांना कायमचे पुण्याला नेणार होता. शुक्रवारी दुपारी तीनला निघायचे ठरले होते. शेवटची ओळ होती, 'त्याआधी एकदा येऊन जा. तुझा चेहरा दिसणार नाही, पण हात लावून बघीन.'

अक्कांनी हे पत्र एकदाच वाचले. मग त्या पिशवी भरायला लागल्या. गुरुवारीच अफझलगंजच्या बसस्टँडवर जाऊन बिदरची बस धरते, म्हणाल्या.

नामदेवरावांना ते लागले. "घरात जपानची गाडी आणि माझी बहीण बसनं जायची? लोक काय म्हणतील, अक्का?"

"लोकांचं र्‍हाऊ दे. वेळेत पोचीन ना मी?"

नामदेवराव हसले. त्यांनी डिकीतली पुस्तिका काढली आणि खिडकीतून सोळावे पान दाखवले. शंभरात ब्याण्णव. अक्कांनी पान बघितले, भावाचा चेहरा बघितला, आणि पिशवी खाली ठेवली.

शुक्रवारी सकाळी आम्ही पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसाने चारही चाकांची हवा बघितली. मग त्याने डिकीवर थाप मारून विचारले, "स्टेपनी भी देखूँ, साब?"

मित्रांनो, दीड वर्षात माझ्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा विचारले होते. मी श्वास रोखून धरला असता. पण तोवर माझ्यात रोखण्याइतका श्वास उरलाच नव्हता. पडून राहिलेल्या चाकातली हवा हळूहळू जाते. त्याचा आवाज होत नाही. दुखतही नाही. म्हणून तर कळत नाही.

"नक्को," नामदेवराव म्हणाले. "नवी गाडी है. जापान की."

जहीराबाद सोडून सहा-सात किलोमीटर गेलो असू. सव्वाबारा झाले होते. पुढच्या डाव्या बहिणीला खिळा लागला. यात कुणाची चूक नव्हती. खिळ्याला गाडी कुठली ते कळत नाही. नामदेवराव बिलकुल घाबरले नाहीत. दहा मिनिटांचे काम, असे सांगून त्यांनी बाह्या सरसावल्या. डिकी रिकामी झाली, पुठ्ठा निघाला, आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा ऊन पडले. जॅक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्यांनी गाडी उचलली, बहिणीला काढले, मला बसवले, चारही नट आवळले. मला वाटत होते, ज्यासाठी मला घडवले तो दिवस आला. आज मी अक्कांना पोचवणार.

मग त्यांनी जॅक उतरवला. गाडी खाली आली आणि मी रस्त्यावर पसरले. पोळीसारखी. रस्त्याशी माझी पहिली भेट ही अशी.

त्रिवेणीबाईंनी पदर डोक्यावर ओढला. नामदेवरावांनी मला एक लाथ मारली आणि मग स्वतःचा पाय धरला. अक्का गाडीतून उतरल्या, बिदरकडे तोंड करून रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

पुढचे थोडक्यात सांगते. एक लॉरी मिळायला तास गेला. नामदेवराव मला घेऊन जहीराबादेस परत आले. पहिले दुकान बंद. दुसऱ्या दुकानात एक म्हातारे चाचा होते, पण करंट नव्हता, आणि करंटशिवाय त्यांचे हवेचे मशीन चालत नव्हते. पायाचा पंप होता, त्याची नळी फाटलेली. नामदेवरावांनी सारा जन्म विजेच्या खात्यात काढला होता. आज ते तारांकडे बघत दोन तास बसून राहिले.

साडेतीनला करंट आला. चाचांनी मला फिरवून बघितले. टायर कोरे करकरीत, एक ओरखडा नाही. त्यांना नवल वाटले. नामदेवराव पुटपुटले की जपानची गाडी, कसे झाले कळत नाही. चाचा नळी लावत म्हणाले, "गाडी जापान की है, साब. हवा तो यहींच की है."

आल्याच्या पोत्यांनी भरलेल्या टेंपोत बसून आम्ही परत आलो. अक्का त्याच दगडावर होत्या. त्यांनी किती वाजले ते विचारले नाही. नामदेवरावांनी घड्याळाचा हात मागे नेला.

आणि मग मी धावले. पंचवीस किलोमीटर. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. रस्त्याला वास असतो, हे मला ठाऊक नव्हते. बिदर जवळ आले तशी माती लाल झाली, ती माझ्या अंगाला चिकटली आणि मला सुंदर वाटली. वर अक्का पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या, आणि मी खाली आनंदाने गरगरत होते. याची मला आजही लाज वाटते.

बिदरमध्ये विचारत विचारत आणखी एक किलोमीटर झाले. सावित्रीबाईंच्या दाराला कुलूप होते. सव्वापाच वाजून गेले होते. शेजारच्या बाई बाहेर आल्या. तीनची निघायची वेळ सावित्रीबाईंनी पावणेपाचपर्यंत लांबवली होती. दोनदा चहा गरम करायला लावला होता. प्रमोद घाई करायला लागला की त्या एकच सांगत होत्या, ते शेजारणीने जसेच्या तसे सांगितले, "भामा येणार म्हणजे येणार. नामदेवाकडं जपानची गाडी आहे."

जाताना त्यांनी अक्कांसाठी धपाट्यांचे पुडके ठेवले होते. अक्कांनी ते घेतले. पायरीवर जरा टेकल्या आणि कुलपाला हात लावून बघितला.

नामदेवरावांना काहीतरी बोलायलाच हवे होते. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळा घात या स्टेपनीनं केला."

अक्का वाकल्या आणि त्यांनी माझ्यावर अंगठा दाबून बघितला. "तिला कशाला बोलायलास, नामदेवा? दीड वर्षात कुणी विचारलं का तिला, हवा हाय का म्हणून?"

बहिणीचे पंक्चर बिदरलाच काढले. तिला तिची जागा परत मिळाली, मला माझी.

एप्रिलमध्ये कंपनीचा पुढचा फॉर्म आला. नामदेवरावांनी तो गाडीच्या टपावर ठेवून भरायला घेतला. अत्यंत समाधानी, अत्यंत समाधानी. यात खोटे काही नव्हते. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम, अजूनही आवाज नाही. पंधरा खुणा झाल्या. सोळाव्या प्रश्नाशी त्यांचे पेन थांबले. ते अक्कांच्या खिडकीशी गेले.

"अक्का, एक विचारायचं होतं. तू समाधानी हायेस का?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. "कशाबद्दल विचारायलास?"

नामदेवरावांनी खिडकीचा गज धरला. गाडीबद्दल, असे म्हणणे सोपे होते. ते त्यांना जमले नाही. त्यांनी फॉर्मची घडी केली आणि डिकीत पुस्तिकेजवळ टाकली. तो कंपनीकडे कधीच गेला नाही, त्यामुळे ब्याण्णवमध्ये त्या वर्षी नामदेवराव नाहीत. पंधरा खुणांचा तो कागद अजून माझ्या छातीवर आहे.

पुण्याला जायचे बेत झाले. दिवाळीत ठरले, मग उन्हाळ्यात, मग रस्त्याचे रुंदीकरण संपल्यावर. सावित्रीबाईंना आता पत्र वाचता येत नव्हते आणि फोनवर नीट ऐकू येत नव्हते. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का नामदेवरावांना डिकी उघडायला लावत, माझ्यावर अंगठा दाबत, आणि जरा मऊ लागले तर मला पंपावर धाडत. त्या दिवसांत मी कायम तयार होते. पुण्यापर्यंतच काय, पुढेही गेले असते. पण त्या गाडीला पुन्हा कधी पंक्चर झाले नाही.

दोन वर्षांनी प्रमोदचा फोन आला. त्या महिन्यात अक्का डिकीशी आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आल्या. त्यांनी अंगठा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

नंतर एका वर्षी मागची खिडकी बंद झाली ती उघडली नाही. पहिला रविवार आला आणि गेला. नामदेवराव त्या दिवशी शेडमध्ये आले होते. डिकी उघडून पुठ्ठ्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि तो न उचलता डिकी लावून गेले. पुढे त्यांनी गाडी विकली.

आता मी त्याच शहरातल्या विद्यानगरात असते. नवा मालक चिन्मय पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कामातला, स्वभावाने चांगला. गाडी इतकी जुनी होऊनही कुरकुर करत नाही, असे तो मित्रांना कौतुकाने सांगतो. त्याने मला अजून पाहिलेले नाही. माझ्यात किती हवा आहे, मला सांगता येत नाही. आवाज होत नाही, हे तुम्हाला सांगितलेच.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. आज घरी गेलात की वडिलांना डिकी उघडायला सांगा आणि स्टेपनीची हवा बघा. मग हात धुऊन तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत जा. तिथे कुणी असेल तर त्यांनाही विचारा. दारात उभे राहून विचारू नका, आत जाऊन जवळ बसा. बाहेरून हवा कळत नाही.