सिंधूच्या माहेरचा पंखा

ही गोष्ट १९५८ सालच्या वैशाखातली. त्या साली अकोल्यात असं ऊन पडलं होतं की अकरा वाजल्यानंतर मोर्णेच्या पुलावर चिटपाखरू दिसत नसे. जुन्या शहरात बापूसाहेब वकिलांचं घर मात्र उन्हापेक्षा एका पंख्यापायी जास्त तापलं होतं.

पंखा त्यांच्या सुनेचा, सिंधूचा. तिचे वडील अमरावतीला शाळेत ड्रॉइंग शिकवत. बाळंतपण आटोपून ती सासरी निघाली तेव्हा त्यांनी पितळी पात्यांचा टेबलपंखा बरोबर दिला. मूल आठव्या महिन्यात झालेलं, मुठीएवढं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "यंदाचा उन्हाळा याला जपा. अंगाला सारखा वारा लागू द्या. पावसाळा पाहिला की मग भीती नाही."

पहिला महिना पंखा बिनबोभाट चालला. मग तो कुरकुरू लागला, आणि वैशाख लागेस्तोवर जात्यात खडे पडल्यासारखा खडखडू लागला. सिंधूची खोली नेमकी बैठकीच्या वर. मधे नुसत्या सागवानी फळ्या. वरची खडखड खाली पक्षकारांच्या डोक्यावर आदळे.

"सिंधू!" बापूसाहेब जिन्याखालून ओरडत. "तुझ्या बापानं पंखा दिला की पिठाची गिरणी?"

पक्षकार हसत. सासूबाई, मनकर्णाबाई, स्वयंपाकघरातून री ओढत. "आमची चार लेकरं काय पंख्याखाली वाढली? हिचाच राजपुत्र!"

चारातली दोनच जगली, हे सिंधूच्या ओठांवर येई आणि ती गिळून टाकी.

एका गुरुवारी बापूसाहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. "सोमवारपर्यंत हा आवाज थांबला नाही तर पंखा विकून टाकीन."

सिंधूनं नवऱ्याकडे पाहिलं. नारायण शाळामास्तर. वडिलांपुढे त्याचा शब्द फुटत नसे. "तूच जरा सांभाळून घे," तो म्हणाला आणि पेपर तपासायला बसला.

तेव्हा तिनं स्वतःच पंखा उघडला. मागची टोपी काढल्याबरोबर ओळखीचा वास आला. वडिलांच्या रंगाच्या पेटीचा. जवसाचं तेल!

मनकर्णाबाईंचा शिरस्ता होता. दर शनिवारी घरातल्या बिजागऱ्या, कड्या, पाळण्याचे आकडे, विहिरीवरची चाकं, सगळ्यांना बाळापूरच्या शेतातल्या जवसाचं तेल द्यायचं. पंख्याला भोक दिसल्यावर तिथंही त्यांनी हात सैल सोडून घातलं होतं. पण हे तेल वाळतं, त्याचा चिकट पापुद्रा धरतो. म्हणून तर चित्रकार ते रंगात घालतात. पंख्याच्या दांड्यावर पिवळी लाख चढली होती.

तिनं ती केसांतल्या आकड्यानं खरवडली, रॉकेलनं धुतली, शेजारून शिवणयंत्राचं तेल आणून चार थेंब सोडले. मग पात्यांसमोर पेन्सिल रोवून एकेक पातं हातानं फिरवलं. एक बोटभर पुढे वाकलं होतं, ते बेताबेतानं मागे दाबलं. फळ्या घुमत होत्या म्हणून पायांखाली घोंगडीचे जाड तुकडे घातले. बटण दाबलं तर नुसता वारा. पाळण्यातल्या गोवर्धनचं जावळ हललं तेवढंच.

"म्हणजे मी बिघडवला म्हण ना!" मनकर्णाबाई मघापासून दारात उभ्या होत्या, नजर खरवडून काढलेल्या तेलावर.

"तेलानं बिघडला."

"तेल कोणं घातलं?"

"तुम्ही."

"बरं झालं बाई. लग्नात वाजतगाजत आली, आता सासूले शिकवून राहिली!"

सोमवारी बापूसाहेब कधी नव्हे ते वर आले. पंख्यासमोर हात धरून उभे राहिले. कान देऊन ऐकलं. आता हे दोन शब्द बरे बोलतील असं सिंधूला वाटलं.

"हं," ते म्हणाले. "आता चार माणसांत ठेवण्यासारखा झाला." आणि स्वतः उचलून तो खाली बैठकीत घेऊन गेले.

सिंधू दोन दिवस ओल्या फडक्यानं आणि हातपंख्यानं झुंजली. बुधवारी दुपारी गोवर्धन तव्यासारखा तापला. त्यानं दूध ओढायचं सोडलं. रडणंही सोडलं, तेव्हा ती उठली.

बैठकीत बाळापूरचे खुशालराव कागद पसरून बसले होते. "पंखा मोठा गुनाचा हाये जी, वकीलसाहेब. चालू हाये का बंद, समजतच नाई."

सिंधू थेट आत आली आणि तिनं भिंतीतून वायर ओढून काढली.

"बैठकीत बायका येत नाहीत," बापूसाहेब म्हणाले. "वर जा."

"जाते. पंखा न्यायला आले."

"या घरातली प्रत्येक वस्तू माझी आहे."

"मग मूलही तुमचंच, मामंजी. ते वर तापानं फणफणलंय. ते काहून नाही आणलं पक्षकारांना दाखवायला?"

खुशालरावांनी कागद गुंडाळले. "नेऊ द्या जी लेकरापाई. आमी उन्हातच जलमलो."

"तू गप्प बस! तुझी केस लढू की हिची वकिली ऐकू?" मग सुनेकडे वळून ते म्हणाले, "पंखा उचललास तर पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही."

सिंधूनं पंखा उचलला.

नारायण जिन्यात उभा होता. "टांगा बोलवा," ती म्हणाली. त्यानं बोलावला. वाटेत डॉक्टरांनी मुलाला औषध पाजलं, ओल्या चादरीत गुंडाळून दिलं. संध्याकाळच्या गाडीनं ती बडनेऱ्याला उतरली आणि रात्री नऊला अमरावतीत माहेरी पोचली. वडिलांनी आधी पंख्याची वायर लावली.

गोवर्धन वाचला. पुढे चांगला सहा फूट वाढला आणि सेमाडोहकडे जंगल खात्यात लागला. खुशालरावांनी त्याच आठवड्यात आपले कागद दुसऱ्या वकिलाकडे नेले, आणि केस हरले. नारायण दहा महिन्यांनी अमरावतीला बदली मागून आला. उशीर का झाला हे त्यानं कधी सांगितलं नाही, सिंधूनंही विचारलं नाही. तिनं ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागली. मनकर्णाबाई १९६३ साली गेल्या. ते कळवणारं कार्ड तेराव्यानंतर आलं, तेही एकट्या नारायणच्या नावानं. सिंधूनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि शाळेत गेली. बापूसाहेब १९६८ पर्यंत जगले. नातवाला त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, पाहायला मागितलंही नाही. त्यांच्या दहाव्याला नारायण एकटाच अकोल्याला गेला. सिंधूनं त्याला डबा बांधून दिला आणि दार लावून घेतलं.