अठ्ठ्याऐंशी सेकंद

"आवाज!" गंधाली मॅडम ओरडल्या. "सुनंदाताई, आवाज काढा. बाहुलीला नाही ऐकू गेलं तर चालेल, डॉक्टरांना गेलं पाहिजे."

मी तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

टेबलावर कमरेपर्यंतची रबरी बाहुली पडली होती. आमच्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर धाकू तिची छाती दाबत होता. डोक्याकडे आमचे डॉक्टर यज्ञेश हातात श्वासाची नळी घेऊन वाकले होते, आणि मी शेजारी घड्याळ धरून उभी. माझं काम एकच. नळी टाकण्यासाठी छातीवरचे हात थांबले की सेकंद मोठ्याने मोजायचे आणि दहा झाले की ओरडायचं, "हात छातीवर!" बस. पहिलीतलं पोर करील असं काम. हृदय बंद पडलेल्या माणसाचं रक्त आपल्या हातांनी फिरत असतं. हात थांबले की तेही थांबतं. म्हणून दहा सेकंदांत नळी गेली तर गेली, नाहीतर राहू दे, पिशवीने हवा द्या, पण आधी छाती दाबा. अंधेरीच्या त्या ट्रेनिंगच्या हॉलमध्ये दोन दिवसांत हे पन्नास वेळा ऐकून झालं होतं.

"उद्या परीक्षा आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्या असं केलंत तर मी पास नाही करणार हं. राग नका मानू."

राग कसला मानते! मी भ्यायले होते.

मला आवाज नाही असं कोणी म्हणू नये. घाटकोपरला आमच्या चाळीत पाण्यावरून भांडण झालं की बायका आधी मला हाक मारायला येतात. नवरा म्हणतो, तुला मोबाइल कशाला पाहिजे, खिडकीतून बोल, मुलुंडला तुझ्या बहिणीला ऐकू जाईल. पण समोर डॉक्टर आला की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. सव्वीस वर्षांची नोकरी आहे. परभणीला नर्सिंग शिकताना मेट्रनबाई सांगायच्या, डॉक्टरसमोर सिस्टरचे कान उघडे आणि तोंड बंद. आमचे डॉक्टर एकोणतीस वर्षांचे, माझ्या थोरल्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे, स्वभावाने अगदी गरीब गाय. तरी मी त्यांना 'सर' म्हणते आणि ते म्हणतील तेव्हा हात उचलते.

पण नुसती एवढीच भीती असती तर मी कशीबशी गिळली असती. खरी भीती चारकोपची होती.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी सव्वानऊला कॉल आला. चारकोपच्या सेक्टरमधलं बैठं घर. हर्षद नावाचा माणूस, वय बेचाळीस, पोहे खाताखाता कोसळलेला. त्याची बायको अक्षता उशाशी बसून त्याच्या गालांवर थापट्या मारत होती. मी गुडघे टेकले आणि छाती दाबायला लागले. मॉनिटर लावला, एक शॉक दिला, पुन्हा दाबायला लागले. अजून काहीतरी शिल्लक आहे असं हाताला वाटत होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "थांबा सिस्टर, नळी टाकतो."

मी हात उचलले आणि मनात मोजायला लागले.

दहा झाले. डॉक्टर वाकून घशात बघत होते. "दिसतंय, दिसतंय... एकच मिनिट." वीस. त्यांच्या नाकावरून घाम टपकत होता. तीस. बोल गं सुनंदे, बोल! चाळीस. 'आता पुरे' म्हणताना आपण ताटावर हात धरतो ना, तसे माझे हात त्या माणसाच्या छातीवर अधांतरी. साठ. अक्षता माझ्याकडे बघत होती. थांबणं हासुद्धा उपचारच असेल असं तिला वाटलं असणार. अठ्ठ्याऐंशीला नळी गेली. मी पुन्हा जीव खाऊन दाबायला लागले, पण आता मॉनिटरवर सरळ रेघ होती आणि ती शेवटपर्यंत सरळच राहिली.

तो वाचला असता का? कोण सांगणार! असे बहुतेक जण वाचत नाहीत, ते मलाही माहीत आहे. पण ते दीड मिनिट त्याचं होतं आणि ते आम्ही खाल्लं. हे फक्त मला माहीत होतं. धाकू स्ट्रेचर आणायला बाहेर गेला होता आणि डॉक्टरांचं सगळं लक्ष त्या घशात. चार महिने मी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आता उद्या मी मोठ्याने मोजलं की डॉक्टरांना कळणार, ही बाई मोजते. मग त्यांना चारकोप आठवणार, आणि ते विचारणार. नाही मोजलं तर नापास, गाडीवरून खाली, आणि हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालत रिटायर. खरं सांगते, घरी जाताना मला चादरीच बऱ्या वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून तशीच बसले होते. धाकूने बघितलं.

"भियातंस कित्याक गो?" तो म्हणाला. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माका बघ. आजपर्यंत हॉर्न दाबलंय, आता छाती दाबतंय."

"तुला काय जातंय रे बोलायला," मी म्हटलं. "तुला मोजायचं नाहीये."

तीन वाजता आमचा नंबर आला. मॅडमनी हकिगत सांगितली, पन्नास वर्षांचा पुरुष, जिना चढताना पडला. धाकूने दाबायला सुरुवात केली. डॉक्टर सांगत होते तसं मी इंजेक्शन दिल्याचं मोठ्याने परत बोलून दाखवलं. तेवढं जमत होतं. एक शॉक झाला. मग डॉक्टरांनी नळी उचलली.

"धाकू, हात काढ."

हात निघाले. एक, दोन, तीन. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डॉक्टर वाकले. तीच मान, तसेच आवळलेले ओठ. सात, आठ. घड्याळ हातातून निसटतंय असं वाटायला लागलं. दहा. "दिसतंय," डॉक्टर पुटपुटले. "एकच..." अकरा. बारा.

"दहा झाले!" मी ओरडले. "धाकू, हात छातीवर ठेव! सोडा ती नळी!"

'सर' म्हणायचं राहूनच गेलं. पलीकडच्या टेबलावरचीही माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरांनी मान वर केली. बाहुलीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला उतरताना दिसला. मग त्यांनी मुकाट नळी बाजूला ठेवली, पिशवी घेतली, आणि धाकू दाबायला लागला.

"पास," शेवटी मॅडम म्हणाल्या. "दोन सेकंद उशीर. पण पास."

टाळ्या वाजल्या. मी घड्याळ टेबलावर ठेवून बाहेर पडले.

खाली जिन्यात डॉक्टर उभे होते. मी नजर चुकवून जायला लागले.

"सिस्टर, चारकोपला तुम्ही मोजत होतात."

खोटं बोलणं किती सोपं होतं! नाही हो सर, तेव्हा कुठलं मोजायला. एवढंच म्हणायचं होतं. पण मघाशी सुटलेलं तोंड आता मिटेना.

"हो."

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

डॉक्टर पायरीवर बसले.

"मला पंधरा-वीस वाटले होते," ते म्हणाले. "तुम्ही बोलला का नाहीत? मी कधी ओरडलोय तुमच्यावर?"

"कधीच नाही सर. तुम्ही बिचारे कधीच नाही." मला रडू फुटलं. "तुमची भीती नव्हती हो. कोणाची होती तेच कळत नाही. डॉक्टर बोलतोय म्हणजे आपण गप्प, एवढंच येत होतं मला."

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. अक्षताचे मेसेज होते. दर महिन्याला, त्याच तारखेला. 'सर, तुम्ही देवासारखे धावून आलात.' आणि खाली डॉक्टरांनी पाठवलेले जोडलेले हात.

"हे आता मला घेववणार नाही," ते म्हणाले. "मी जाऊन सांगणार आहे तिला."

"अहो सर, वेड लागलंय का? तिने केस केली तर? तुमचं सगळं आयुष्य पडलंय पुढे."

"करू दे. तुम्ही नका येऊ. नळी माझ्या हातात होती."

"आणि तोंड कोणाचं होतं?" मी म्हटलं. "येते मी."

येते म्हटलं खरं, पण रविवारी चारकोपच्या त्या दारात उभं राहिल्यावर वाटलं, यापेक्षा परीक्षा परवडली. अक्षताने दार उघडलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, डॉक्टर! सिस्टर, तुम्हीपण? या ना, बसा. चहा टाकते."

ओटा त्याच खोलीत होता. तिने आधण ठेवलं, साखर, चहापूड, दूध टाकलं आणि आमच्यासमोर येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्या दिवशी..." आणि पुढे त्यांना बोलवेना.

मग मीच बोलले. मिस्टरांची छाती दाबत होतो ते मध्ये थांबलो. नळी टाकायला दहा सेकंदच थांबायला हवं होतं. अठ्ठ्याऐंशी थांबलो. मी मोजत होते आणि बोलले नाही. ते वाचलेच असते असं नाही ताई, पण आम्ही थांबलो हे खरं आहे.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले.

ती किंचाळेल, शेजारपाजार गोळा करेल, पायातली काढेल, कशालाही मी तयार होते. अक्षताने पदराने हात पुसले, कोरडेच हात.

"अठ्ठ्याऐंशी म्हणजे किती हो?" तिने विचारलं.

"दीड मिनिट," मी म्हटलं. "थोडं कमी."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बघतच राहिली. सेकंदाचा काटा बारावर येईपर्यंत थांबली, मग त्याच्याबरोबर तिची नजर फिरायला लागली. आम्हीही बघत राहिलो. काटा एकदा पुरता फिरून आला. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. चहा वर आला, उतू गेला, गॅस फुरफुरला आणि साखर जळल्याचा वास सुटला. कोणी उठलं नाही. काटा पाचाच्या पुढे गेला, सहाजवळ आला.

"बराच वेळ असतो की हो," अक्षता म्हणाली आणि ओटा पुसायला उठली.