एकशे बारावा लॉट

"पास हाय मावशी, सही करा," पियुषनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि पौर्णिमाताईंनी तिसऱ्यांदा ती रबरी रिंग अंगठ्यानं दाबून पाहिली.

आमचा कारखाना हिंगणघाटच्या बाहेर, जिनिंगच्या रांगेत. चहूकडे कापूस आणि मध्येच आमचं रबर. अणुभट्टीभोवती जी जाड काँक्रीटची इमारत असते, तिच्या लोखंडी दाराला आमच्या रिंगा बसतात. आत काही बिघडलं तर वाफ दारातून बाहेर येऊ नये, एवढंच त्यांचं काम. पण आतल्या किरणांनी रबर म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखं कडक होत जातं. म्हणून प्रत्येक लॉटमधल्या तीन रिंगा दाबून बांधायच्या आणि किरणांच्या माऱ्याला पाठवायच्या. परत आल्या की सोडायच्या. बारा मिलिमीटर जाडीची रिंग निदान दहापर्यंत फुगून वर आली पाहिजे.

लहान कारखाना, त्यामुळे ज्यानं प्रेसमध्ये तापवून रबर पक्कं केलं त्यानंच ते मोजायचं; या लॉटला दोन्हीकडे पौर्णिमाताईच. सव्वीस वर्षांत त्यांचा एकही लॉट नापास झाला नव्हता. नव्या मुलींना संडास कुठे हे सांगायच्या आधी त्या हे सांगायच्या. परवा त्या निवृत्त होणार होत्या आणि हा त्यांचा शेवटचा, एकशे बारावा लॉट.

तिसरी रिंग बरोबर दहावर थांबली होती.

"दहा म्हणजे पास," पियुष म्हणाला. मालकांचा मुलगा, स्वभावानं गरीब. "काऊन अडून बसल्या?"

"माहं रबर अकराच्या खाली येतच नाई, बाबू." मग त्या माझ्याकडे वळल्या. "अंजू, मले नात झाली त्या दिवशीच हा लॉट काढलता न वं?"

"हो. तुम्ही पेढे वाटून राह्यल्या होत्या."

"अन् लाइन गेलती."

वीज गेली होती खरी, चांगली वीस मिनिटं. प्रेस थंड झाली की वेळ पुन्हा पहिल्यापासून धरायचा, हा नियम ताईंनीच आमच्याकडून घोकून घेतलेला. त्या दिवशी मात्र त्या पेढ्यांचा डबा घेऊन थेट गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेल्या, हसत परत आल्या, घड्याळ पाहिलं आणि प्रेस उघडली. रबर कच्चं राहिलं. मी शेजारीच होते, पण तोंडात पेढा होता, मलाही सुचलं नाही.

पियुष हळूच म्हणाला, "मावशी, हे आपल्या तिघांतच राहीन. सव्वीस वर्षं एकही नापास नाई, असं बॅनर छापून आलं हाय."

"मंग त्याच्यावर कागद चिकटवजा."

मला फार वाईट वाटलं. "ताई, दहा म्हणजे पासच होते न," मी म्हणाले.

"ही एक कशीबशी दहावर थांबली. ज्या तपासल्याच नाई त्या दारात बसून वर्षानुवर्षं किरणं खाल्ल्यावर कितीवर थांबतीन? तिथं काम करणाऱ्याइच्या घरी बी नाती असतीन."

त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'नापास. प्रेस मध्येच थंड झाली, वेळ पुन्हा धरला नाही.' खाली स्वतःचं पूर्ण नाव.

मालक रूपरावजी आले. कागद दोनदा वाचला. आता ते चिडतील असं मला वाटलं.

"नवीन लॉट कोण काढीन?" ते म्हणाले. "पौर्णिमाबाई, नव्या रिंगा किरणं खाऊन येईपर्यंत तुमची निवृत्ती अन् सत्कार दोन महिने पुढं. आता पेढे सुट्टीच्या दिवशी वाटजा."

ताईच आधी हसल्या. मग आम्ही सगळे.

आमच्याकडे रीत आहे, नापास माल ज्यानं बनवला त्यानंच कापायचा, म्हणजे तो चुकूनही कुठं लागत नाही. मी दोनदा कापला आहे. ताईंनी कधीच नाही. मी सुरी घ्यायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "बस तिथं." साठच्या साठ रिंगा त्यांनी एकेक करून कापल्या. घाई केली नाही.

शेवटची कापल्यावर त्यांनी पदरानं हात पुसले.

"अंजू, तुम्हा पोरीइले बी कापताना असंच वाटत होतं का वं?"

"हो, ताई."

"मी तवा तुम्हाले लय टाकून बोलली," त्या म्हणाल्या आणि नव्या लॉटसाठी प्रेस तापवायला उठल्या.