काय ऐकताय?

कवळीवाल्याला माणसं आवडत नसत. त्यांचे दात तो बनवी, पण कवळी एकदा तोंडात बसली की त्या तोंडाशी त्याचा संबंध संपला. दातांच्या दवाखान्यामागे त्याची आठ बाय दहाची खोली होती. टेबलावर प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी भुकटीचे डबे आणि पॉलिशचं चाक. दिवसभर कानात हेडफोन आणि हेडफोनात हेवी मेटलचं दणदणीत संगीत. डॉक्टरीणबाई दारात येऊन दोनदा हाका मारत, तिसऱ्यांदा दिवा बंद-चालू करत, तेव्हा कुठे हा मान वर करी, तीही बाईंनी काहीतरी पवित्र मोडल्यासारखी.

मेटल ऐकणाऱ्या माणसांबद्दल त्याचं मत त्याहून वाईट होतं. त्याला धरून चौघांचा कंपू होता आणि फोनवर एक ग्रुप. रोज सकाळी तिथे एकच प्रश्न पडे: काय ऐकताय? मग ज्याने त्याने आपला अल्बम सांगायचा. नळवाल्याला सुसाट वेगाचं थ्रॅश मेटल आवडे. तो लिही, ‘थ्रॅश. तीनदा सलग. मान धरली.’ त्यावर कवळीवाला, ‘धरण्यासारखं तेवढंच होतं.’ भूगोलाचे सर आधी बँडच्या देशाचं हवामान लिहीत, मग डोंगर, मग लोकसंख्या, आणि शेवटच्या ओळीत अल्बम. त्यावर कवळीवाला, ‘सर, पाऊस किती मिलिमीटर ते राहिलं.’ चौथा मशीनवाला. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तो नुसतं नाव लिही आणि गप्प बसे. त्याला काय टोचायचं ते कवळीवाल्याला अजून सापडलं नव्हतं, म्हणून त्याचा राग जास्त.

रविवारी दुपारी चौघे मशीनवाल्याच्या दुकानात, मागच्या खोलीत जमत. तिथे पिशवीची रीत होती. प्रत्येकाने एक रेकॉर्ड आणायची, तिच्या मधल्या लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा, साध्या खाकी पाकिटात घालून पिशवीत टाकायची. मग न बघता एकेक उचलायची आणि आठवडाभर ऐकायची. बँडचं नाव माहीत नाही, देश माहीत नाही, फक्त कान. पुढच्या रविवारी निकाल द्यायचा, तोही एकाच शब्दात: ‘ठेवा’ किंवा ‘टाका’. नावं बघून माना डोलावणाऱ्या ढोंग्यांना चाप बसावा म्हणून ही रीत कवळीवाल्यानेच काढली होती. रेकॉर्ड सगळ्या बारा इंचीच, त्यामुळे कागदाने लेबल झाकलं की ती कुठल्या स्पीडची, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची की पंचेचाळीसची, ते कळत नाही. त्यासाठीही खूण त्याचीच. तेहतीसची असेल तर पाकीट कोरं, पंचेचाळीसची असेल तर कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका.

ते पांढरे गोल कापून द्यायचं काम त्याच्या बायकोचं. वाटी उपडी ठेवून ती पेन्सिलीने गोल आखी, कापी, डिंक लावी. वर्षानुवर्षं कापत आली होती. ठिपका मात्र तो स्वतः देई, चष्मा लावून, तिच्याकडे पाठ करून. जसं काही सही करतोय.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना सांगायचं, श्वास घ्या, रोखा, सोडा. तिचा धाकटा भाऊ शाळेची बस चालवी आणि त्याच्या गॅरेजमध्ये त्याचा बँड होता. गेलं वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी ती तिथे गायला जाई. हे कळल्यावर कवळीवाला इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

“तू? मेटल?” तो म्हणाला. “अगं, बायकांच्या गळ्यात ते वजनच नसतं. आणि तुझा भाऊ! बसचा हॉर्न तरी तालात वाजवतो का?”

पुढच्या गुरुवारीही ती गॅरेजमध्ये गेली. मग त्यांच्या बँडने पदरमोड करून रेकॉर्ड काढली तेव्हा ती घेऊन बायको त्याच्यासमोर उभी राहिली. “अहो, ऐकताय का?” ती म्हणाली. “एकदाच लावा. आणि खरं सांगा. तुम्हाला बाकी काही कळत नसेल, पण यातलं कळतं. वाईट असेल तर मी सोडून देईन. दादाला तसं सांगितलंय मी, धाकटा असला तरी दादाच म्हणते त्याला. दोन आठवड्यांत कळवते म्हटलंय.”

“नंतर,” तो म्हणाला. त्या आठवड्यात तिने आणखी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तो तेच म्हणाला, दुसऱ्यांदा तर हेडफोन न काढताच.

मग रविवार आला. पिशवीतून त्याने एक पाकीट उचललं, घरी आणून थैलीत घालून खुंटीला टांगलं. बुधवारी दवाखाना अर्धा दिवस होता. बायको कामावर, घर मोकळं. त्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. ठिपका नाही. म्हणजे तेहतीस. सुई ठेवली आणि हेडफोन चढवला.

सुरुवातीलाच त्याचे हात थांबले. ड्रम इतके सावकाश पडत होते की दोन ठोक्यांच्या मधे माणसाला आयुष्यातली एखादी चूक आख्खी आठवावी. गिटार जमिनीखालून येत होती. आणि मग एक श्वास. कुणीतरी नाकाने खोल, लांब श्वास ओढला, आणि गाणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. मेटलमध्ये ते कळूच नयेत. पण तो आवाज! कवळीवाल्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. आईच्या तेराव्यालाही तो रडला नव्हता.

संध्याकाळी बायको चप्पल काढते न काढते तोच त्याने फोन तिच्यासमोर धरला. “बस. ऐक, काय लिहिलंय मी.” आणि वाचायला लागला, “‘काय ऐकताय विचारता? आज पहिल्यांदा काहीतरी ऐकलं. बाकी तुम्ही जे ऐकता तो आवाज असतो. गायक साठीचा असावा. या माणसाने खूप सोसलंय आणि कुणालाही सांगितलेलं नाही. गाण्याआधी जो श्वास घेतो, त्या एका श्वासावर तुमचे सगळे अल्बम ओवाळून टाकावेत. निकाल आत्ताच देतो: ठेवा.’”

“गायक?” ती म्हणाली.

“हो मग.”

“साठीचा?”

“तुला नाही कळायचं.”

हसू यावं तशी तिची हनुवटी हलली, पण ती हसली नाही. “या रविवारी मी पण येते,” ती म्हणाली.

बायको आल्यामुळे मशीनवाल्याने स्टूल पुसून दिलं. सरांनी उगाच शर्ट सारखा केला. कवळीवाल्याला ते सगळं पोरकट वाटलं, पण आज त्याचा दिवस होता, म्हणून त्याने सोडून दिलं. उभा राहून तो बोलला. दहा मिनिटं बोलला. नळवाल्याला म्हणाला, वेग म्हणजे भित्र्यांचं काम. सरांना म्हणाला, असा आवाज कुठल्या नकाशात सापडत नाही. बायकोकडे बघून म्हणाला, “आणि हे वजन पुरुषाच्याच गळ्यात असतं. कोणाला पटो न पटो.” मग रेकॉर्ड मशीनवाल्याच्या हातात दिली.

ड्रमचे दोन ठोके पडले. तिसऱ्याला मशीनवाल्याने मान तिरकी केली. आयुष्य मशीनच्या मोटारी ऐकण्यात गेलेला माणूस. शिलाई मशीन चालू करून तो डोळे मिटून सांगे, पट्टा सैल आहे.

“ही दमलीय,” तो म्हणाला. “ओढत चाललीय. ही पंचेचाळीसची आहे.”

“पाकिटावर ठिपका नाही,” कवळीवाला म्हणाला.

“पाकिटाचं जाऊ द्या हो,” मशीनवाला म्हणाला आणि खटका पंचेचाळीसवर सरकवला.

गाणं उठून उभं राहिलं. ड्रम धावत सुटले, गिटार जमिनीवर आली, खणखणीत. आणि मग तो श्वास आला. आता तो लांब नव्हता. छोटा, नाकाने ओढलेला, जरासा वैतागलेला. हा श्वास कवळीवाल्याने अठरा वर्षं ऐकला होता. या श्वासानंतर घरात नेहमी एकच वाक्य येई: अहो, ऐकताय का?

वाक्य आलं नाही. बायकोचा आवाज आला, मोकळा, भरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत खोली कापत जाणारा.

पहिल्यांदा नळवाला हसला. मग सर. “साठीचा!” नळवाला म्हणाला आणि गुडघ्यावर थाप मारली. “सोसलंय खूप, हे मात्र खरं निघालं, बरं का वहिनी.” कवळीवाल्याचे दात त्याच्याच घशात गेले होते, आणि या धंद्यातल्या माणसाला ते काढता येत नव्हते.

गाणं संपेपर्यंत मशीनवाल्याने कुणाला बोलू दिलं नाही. मग त्याने विचारलं, “ही कुणी टाकली होती पिशवीत?”

“मी,” ती म्हणाली. “पिशवीत नाही, घरी खुंटीवर बदलली. ही यांनी पिशवीतून उचललेली खरी.” तिने पर्समागून दुसरं खाकी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “कागद मीच कापते, म्हणून तेवढं जमलं. ठिपक्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“रीत आहे,” मशीनवाला कवळीवाल्याला म्हणाला. “ऐकणाऱ्याने निकाल द्यायचा. आता बरोबर स्पीडवर ऐकलीत. ठेवायची की टाकायची?”

बायको स्टुलावर ताठ बसली होती, हात मांडीवर. तिने त्याला शब्द दिला होता, वाईट असेल तर सोडेन, आणि ती शब्द पाळणारी बाई होती. हे त्याला माहीत होतं. गाणं चांगलं होतं, तेही त्याला माहीत होतं. हळू ऐकलं तेव्हा चांगलं होतं आणि आता जास्तच चांगलं होतं. पण नळवाल्याचे दात अजून बाहेर होते.

“टाका,” तो म्हणाला.

नळवाल्याचं हसू विरलं. सरांनी खाली बघितलं.

ती उठली. डफाला आच लागावी तसा तिचा चेहरा ताणला होता, पण आवाज नेहमीचाच होता. “बुधवारी तुम्ही ‘ठेवा’ म्हणालात ते ऐकून,” ती म्हणाली. “आत्ताचं मला बघून म्हणालात. मी ऐकून दिलेला निकाल मागितला होता. तो मला मिळाला.”

तिने टेबलावरची पेन्सिल घेतली, पाकिटाच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला, चांगला वाटाण्याएवढा, आणि पाकीट पिशवीत टाकलं. “दादा गॅरेजमध्ये वाट बघतोय,” ती मशीनवाल्याला म्हणाली. “तुम्हाला हवं असेल तर पुढच्या रविवारी आणखी एक आणते.”

“आणा,” मशीनवाला म्हणाला.

रात्री मशीनवाल्याने गाणं फोनवर उतरवून ग्रुपवर टाकलं. सोमवारी सकाळी तिथे प्रश्न पडला. नळवाल्याने लिहिलं, ‘वहिनी. चौथ्यांदा.’ सरांनी लिहिलं, ‘वहिनी’, आणि हवामानाबद्दल एक अक्षर नाही. मशीनवाल्यानेही तेच लिहिलं. कवळीवाल्याने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि फोन पालथा ठेवला.

स्वयंपाकघरात बायको डबा भरत होती. त्याने हेडफोन गळ्यात उतरवून ठेवला होता आणि वाट बघत होता. तिने नाकाने तो छोटा श्वास घेतला, तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. पण ती त्याच्याशी बोलली नाही. ती गायला लागली, आणि गातगातच दार ओढून कामाला निघून गेली.