वाऱ्याकडचं दार

टॉरकिलची एक गोष्ट होती, आणि ती एकदाच ऐकून सुटला असा माणूस लुईस बेटावरच्या त्या गावात सापडणं कठीण होतं. त्याची बायको शोनाग तरुण असताना उन्हाळाभर गाई घेऊन माळावरच्या आरीत राहायची. आरी म्हणजे उन्हाळ्यापुरती दगडामातीची खोप. टॉरकिल दिवसभर मागावर बसून संध्याकाळी माळ तुडवत तिच्याकडे जायचा. वाटेत दलदल, वर पाऊस. "डोळे बांधून सोडा, तिच्याच दारात जाऊन उभा राहीन," हे शेवटचं वाक्य.

गोष्टीतला पाऊस मात्र वर्षागणिक वाढत गेला. लग्नाच्या जेवणात ती सांगितली तेव्हा भुरभुर होती. मुलीच्या बाप्तिस्म्यापर्यंत संततधार लागली. नातवंडं ऐकायला बसू लागली तेव्हा वादळात मेंढ्या उडून चालल्या होत्या. शोनाग विणकामातून मान वर न काढता म्हणायची, "अजून वाढव. गाई राहिल्यात उडायच्या."

आता शोनागला धाप लागे, गुडघे उठू देत नसत. ग्लासगोच्या मुलीनं खालची खोली रिकामी करून ठेवली होती. पुढच्या मंगळवारची बोट ठरली. शोनागनं भांडी वाटून टाकली, कोंबड्या शेजारी दिल्या, आणि मग एकच मागणं केलं.

"एकदा आमच्या आरीत बसायचंय मला. तू नेशीलच. तू तर डोळे बांधून जातोस."

"त्यात काय," टॉरकिल म्हणाला, आणि बुधवारी मासे आणायला जातो असं सांगून एकटाच माळावर गेला.

डोळे उघडे असूनही त्याला काही ओळखू येईना. तपकिरी माळ, आणि त्यावर जागोजाग हिरवेगार उंचवटे. जिथं पिढ्यान्‌पिढ्या गाई बसल्या तिथलं गवत अजून हिरवं होतं. प्रत्येक उंचवट्यावर एक पडकी खोप, छपराशिवायची, भिंती गवतानं मढलेल्या. सगळ्या एकमेकींच्या बहिणी दिसत होत्या. टॉरकिल तीन-चार खोपींत वाकून आला आणि शेवटी एका दगडावर बसला.

खाली इशबेल काठी रोवत मोजमाप करत होती. ही पोरगी वसंतापासून गावात होती. जुन्या वस्त्या, वाटा, बांध, गाईंचे तळ यांचा नकाशा काढणं हे तिचं काम. तिच्या नकाशावर प्रत्येक उंचवट्याला बारीक रेघांची झालर असायची, जणू सुरवंट पसरलेत.

"काय पोरी, कुठली आरी कुणाची ते कळलं का तुला?" टॉरकिलनं उगाच विचारावं तसं विचारलं.

"खालचा थर कधीचा ते सांगते. वरच्या थरात कोण राहायचं ते तुम्ही सांगायचं. तुमची गोष्ट ऐकलीय मी. दोनदा."

टॉरकिलनं टोपी काढून परत घातली. "मला ओळखू येत नाहीये. शोनागला बोलू नकोस."

इशबेल हसली नाही. तिनं नकाशा गुडघ्यावर पसरला. "काय आठवतं?"

"दार तळ्याकडं. ती दारात बसलेली असायची, मागं चूल, आणि मी तळ्याकडून चढून यायचो. दार सदा तळ्याकडंच."

तुमच्या गावाच्या आऱ्या त्या समोरच्या कुशीत, इशबेल म्हणाली. त्यातल्या एक सोडून सगळ्यांची दारं डोंगराकडं. एकीचंच तळ्याकडं. तिनं बोट ठेवलं. टॉरकिल त्या खोपीशी जाऊन उभा राहिला, आणि हीच, असं त्याला वाटलं. म्हणजे वाटायलाच हवं होतं.

शनिवारी सकाळी पश्चिमेचा, तळ्याकडून येणारा वारा सुटला आणि पाऊस आडवा लागला. पण दुसरा दिवस नव्हता. रविवार देवाचा, त्या दिवशी गावात कुणी दोरीवर मोजासुद्धा वाळत घालत नाही, तिथं माळावर गाडी कोण नेणार? सोमवार सामानाचा. इशबेलनं दलदलीत चालणारी आपली गाडी काढली. शोनाग मांडीवर टोपली घेऊन मागे बसली. टोपलीत ओटच्या भाकऱ्या, ताजा दह्याचा चक्का, चहाचा थर्मास.

"भिजतीयेस," टॉरकिल म्हणाला.

"तुझ्या गोष्टीपेक्षा कमीच आहे हा."

दोघांनी धरून तिला खोपीत नेलं. ती वाकून आत शिरली, भिंतीला हात लावला, दुधाच्या भांड्यांच्या कोनाड्यात हात घातला. मग समोर पाहिलं आणि थांबली.

"ही आमची नाही."

टॉरकिलनं दाराकडं बोट केलं. "हीच आहे."

"मी डोंगर बघत निजायचे. त्या बाजूला दार होतं. इथं तर नुसती भिंत आहे."

"तळं दिसायचं, शोनाग. तू इथं बसायचीस, या दारात."

"शेजारच्या आरीतली केट-ॲना बसत असेल."

"केट-ॲनाकडं मी कधी गेलो नाही."

"मग कुणाच्या दारात भिजत होतास इतका?" ती चेष्टेनंच म्हणाली, पण आवाज अर्ध्यात बसला. तिनं पदर झटकावा तशी अंगावरची शाल झटकली. "राहू दे. चल, बसव मला गाडीत. बघितलं तेवढं पुरे."

बेट सोडताना तिनं एकच गोष्ट मागितली आणि त्यानं तिला दुसरीच्या घरात आणून उभं केलं. बरं, बाकीच्या आऱ्या धुंडाळायच्या तर तिच्या छातीत तेवढा दम नव्हता.

"थांबा जरा," इशबेल म्हणाली. "तुम्हाला दार डोंगराकडं आठवतं, यांना तळ्याकडं."

"अगं, तळ्याकडंही होतंच. दारं दोन असायची. पण डोंगराकडचं तरी हवं ना इथं."

"दोन?" टॉरकिल म्हणाला.

"दोन. वारा जिकडचा, तिकडचं दार गवताच्या ढपल्यांनी बुजवायचं. दुसऱ्यानं ये-जा. बायकांचं काम ते. तुला कोण सांगणार?"

इशबेलनं नकाशाकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग परत नकाशाकडं. "मी सगळ्यांना एकेकच काढलंय," ती हळू म्हणाली. "पलीकडच्या तळ्यावर दोन-दोन सापडली होती. इथं गवत सलग दिसलं आणि मी भिंत म्हणून मोकळी झाले."

ती गुडघ्यांवर बसली आणि डोंगराकडच्या भिंतीच्या पायथ्याशी लांब सळई टोचत गेली. खट्ट. खट्ट. मग सळई लोण्यात शिरावी तशी आत गेली. तिथं दगड नव्हतेच, नुसते ढपले, एकावर एक. खालचं गवत तिनं हातानं मागं सारलं. उंबऱ्याची फरशी निघाली, मधोमध झिजून खोलगट झालेली.

शोनागनं टॉरकिलचा खांदा धरून, वेळ घेत, खाली वाकून त्या खोलगटात तळवा ठेवला.

"शेवटच्या आठवड्यात पूर्वेचा वारा होता," ती म्हणाली. "आईनं हे बुजवलं. गाई घेऊन खाली गेलो. पुढच्या वर्षी आई नव्हती. मग उघडायला कुणी आलंच नाही."

पाऊस पडत होता. इशबेलनं कोपऱ्यावर ताडपत्री बांधली, निजायच्या जागी घोंगडी पसरली आणि शोनागला टेकवून बसवलं. मग तिनं ते बुजवलेलं दार आधी कागदावर काढलं, फोटो घेतले, आणि वरचे दोन-तीन ढपले जपून उतरवून बाजूला ठेवले. फटीतून धुकं दिसलं.

"डोंगर त्या धुक्यात आहे," इशबेल म्हणाली.

"असू दे. कुठं जातोय?" शोनागनं भाकरीवर चक्का लावला, एक घास खाल्ला, आणि चावता चावता तिचे डोळे बारीक झाले. टॉरकिल हे डोळे ओळखून होता.

"काय रे, तुला दार सदा तळ्याकडंच दिसलं?"

"सदा."

"तळ्याकडचं दार आम्ही उघडायचो ते पूर्वेचा वारा असला तरच."

"असेल."

"पूर्वेच्या वाऱ्याला इथं पाऊस कधी पडतो?"

इशबेलनं चहाच्या कपात तोंड खुपसलं.

"म्हणजे कोरडी संध्याकाळ बघून यायचास. आणि मी इकडं पश्चिमेच्या वाऱ्यात, डोंगराकडच्या दारात बसून म्हणायचे, आजही मागाचं काम संपलं नसेल बिचाऱ्याचं."

"बसायचीस?"

"मग काय करायचे? गाई एवढ्या लवकर निजत नाहीत."

हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वारा तळ्याकडून दारात घुसत होता, ताडपत्री फडफडत होती, आणि शोनागला खोकला आला. टॉरकिल उठला. इशबेलनं काढलेल्या ढपल्यांकडं त्यानं एकदा पाहिलं, पण ते एवढ्याशा दारालाही पुरणारे नव्हते. मग तो तळ्याकडच्या दारात जाऊन खाली बसला, वाऱ्याकडं पाठ करून, कोट दोन्ही बाजूंना ताणून. दार तसं अरुंदच होतं. त्यानं ते बऱ्यापैकी भरलं.

आतला वारा पडला. शोनागनं शाल सोडून मोकळा श्वास घेतला.

"भिजतोयस का?"

"भिजतोय."

"बस मग जरा वेळ," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी भाकरीवर चक्का लावू लागली.