पाठमोरी

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, १९८३ साली, नव्या कलादालनाच्या दारात नरसिंगने दानम्मापुढे काठी आडवी धरली.

"मावशी, पास दाखवा."

"कशाचा पास? फळ्यावर लिवलंय की, डाळमिलच्या लोकायला फुकट."

"कायम कामगारांना फुकट. तुम्ही रोजंदारीच्या."

दानम्माच्या मागे केवळाबाई आणि निवडणीवरच्या बाया उभ्या होत्या. मिल सुटल्यावर त्या तशाच आल्या होत्या, काखेत आपापली सुपं घेऊन. सूप कुणी मिलमध्ये ठेवत नसे. सकाळी दुसरीच्या हातात दिसायचं आणि भांडण लागायचं.

कलादालन म्हणजे जुन्या जिनिंगचं चुना मारलेलं गोदाम. त्या साली नळाला पाणी नव्हतं, पण उद्घाटनं रोज होती. चित्रांच्या चौकटींचा खर्च डाळमिलच्या मालकाने उचलला, म्हणून मिलच्या लोकांना ही सवलत. चित्रं होती बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा एक चित्रकार जळकोटच्या रस्त्यावर येऊन खडी फोडणाऱ्या बाया काढत बसायचा. त्या बायांत दानम्मा होती आणि तिची थोरली बहीण लक्ष्मम्मा. पुढच्याच वर्षी काविळीने लक्ष्मम्मा गेली. तिचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. अलीकडे दानम्माला बहिणीचा आवाज आठवे, भेगाळलेल्या टाचा आठवत. चेहरा आठवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचा येई.

"आत माझी बहीण हाय," ती म्हणाली.

"नाव सांगा, बोलावतो."

"चित्रात हाय."

नरसिंगने नजर खाली घेतली. "माझ्या हातात काय न्हाई, मावशी. मन्मथअप्पांनी सांगितलंय."

मिलचे मॅनेजर मन्मथअप्पा कडक इस्त्रीत, आत पाहुण्यांना सरबत देत होते.

"आपुन कामगार न्हाई म्हनं," केवळाबाई मागे वळून बायांना म्हणाली. "बसा गं."

ती पायरीवर बसली. म्हशीसाठी मिलमधून घेतलेली चुनी, डाळीचा कोंडा-कणी, पदरातून सुपात ओतली आणि पाखडायला लागली. मग दुसरी बसली, तिसरी बसली. उन्हाच्या झळेबरोबर तुरीचं फोलपट थेट दालनात शिरलं. पाहुणे खोकू लागले. कुणीतरी सरबतावर हात धरला.

मन्मथअप्पा धावत आले. "अगं, काय करायल्या तुमी?"

"काम," केवळाबाई म्हणाली. "नीट बघून सांगा अप्पा, कामगार दिसतो का न्हाई."

"उद्यापासून मिलमध्ये पाय ठेवू नका मग."

"न्हाई ठेवत. डाळ पाहुण्यायकून निवडून घ्या."

आत कुणीतरी मोठ्याने हसलं. सुपं थांबली नाहीत. अप्पांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा आपल्या सदऱ्यावरच्या फोलपटाकडे, आणि नरसिंगला काठी खाली घ्यायची खूण केली.

बायांनी दारात चपला काढल्या, सुपं भिंतीला लावली. "चपला राहू द्या, हे देऊळ न्हाई," नरसिंग म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

ते चित्र समोरच्या भिंतीवर होतं. बाभळीच्या विरळ सावलीत बायांची रांग. सगळ्यांत पुढे एक तरणी बाई, हातोडा वर उचललेला, नजर सरळ बघणाऱ्यावर. खडीची कपची लागून तुटलेली भुवई.

"आगं बया," केवळाबाई म्हणाली, "दानाक्का, ही तर तूच हायस!"

तीच होती. आणि तिच्या कोपराला कोपर लावून दुसरी एक, टोपलं उचलायला वाकलेली. डोक्यावर पदर, ठिगळाची चोळी. तिची फक्त पाठ दिसत होती.

दानम्मा चौकटीच्या कडेला गेली. दारात आड उभ्या माणसापलीकडलं बघावं तशी बाजूला वाकली. मग दुसऱ्या बाजूने वाकली.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "वळ की जरा."

एवढ्यात मन्मथअप्पा हसत आले, पेपरवाल्या फोटोग्राफरला घेऊन. "चित्रातली बाई आपल्याच मिलची निघाली! दानाक्का, इकडं तोंड करा. पेपरात येईल, मिलचं नाव होईल."

दानम्मा वळली नाही.

"तिचा घ्या."

"तिची पाठ आहे हो नुसती."

"मग माजीबी पाठच घ्या."

"असं कुठं असतंय? वळा, वळा."

"न्हाई."

केवळाबाईने अप्पांकडे एकदा पाहिलं आणि तीही चित्राकडे तोंड करून उभी राहिली. मग बाकीच्या. फोटोग्राफरने तसाच फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी बायांना मिल बंद झाली, पण आठवड्याच्या आत परत बोलवावं लागलं. डाळीत खडे निघाले. मन्मथअप्पा पुढे मुलाकडे पुण्याला गेले. नरसिंगला दारावरून काढून हमालीला लावलं, तर तो म्हणे, बरं झालं, बायांना अडवण्यापरीस पोती बरी. चित्र मुंबईच्या कुणीतरी विकत घेतलं, ते मराठवाड्यात परत आलं नाही. कलादालनाचं मंगल कार्यालय झालं.

दानम्मा रेणापूरला लेकीकडे, महानंदाकडे, वारली. घरच्यांनी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. दिवसकार्याला केवळाबाई एसटीने आली. डोळ्यांना कमी दिसत होतं तिच्या, तरी तिने तो उतरवायला लावला आणि पिशवीतून पेपरातला जुना फोटो काढून दिला.

"मावशी, याच्यात आईचं तोंड कुठंय?"

"तिनंच दिलं न्हाई. तू कोन देनार?"

महानंदाने तोच लावला. सणावाराला फोटोला विभूती लावताना तिचं बोट अजून अडतं.