अस्तर लावलेला पडदा

मालकांची थोरली लेक लग्न होऊन गेली, त्या वर्षी घरात एक पलंगपोस जादा झाला. तो पलंगपोस म्हणजे मी. मित्रांनो, आज मी एका जुन्या गाडीचा जुना पडदा आहे. पण रडगाणं गायला बसलेलो नाही.

मालक तुंबलेली गटारं मोकळी करायचे. काम संपलं की नळावर अंग धुवायचे, गाडीत मागे बसून कपडे बदलायचे आणि मगच घरी जायचे. लेकाच्या पोराला उचलून घेताना वास नको, एवढंच त्यांचं म्हणणं. मालकीणबाई शिवणकाम करायच्या. त्यांनी मला बेतून कापलं, दोरी ओवली आणि मागच्या एकुलत्या काचेवर टांगलं.

"घ्या, झाली तुमची खोली!"

मला फार ऐट आली.

पण मला तपासलं होतं दिवसाउजेडी. थंडीत लवकर अंधारून आलं, तेव्हा मालकांनी मुलींच्या वसतिगृहासमोर गाडी लावली, आतला दिवा लावला आणि कपडे बदलायला घेतले. मी धुऊन धुऊन विरलेलो. त्यांची सावली माझ्यावर ही मोठी पडली. वाकतेय काय, झटके देतेय काय!

वसतिगृहाच्या बाई ओरडल्या, "अहो बघा, हा माणूस गाडीत बसून नको ते चाळे करतोय!" समोरच्या दुकानदारानं फोनवर सगळं टिपलं. अर्ध्या तासात मालक पोलीस चौकीत, मागोमाग बाई आणि दुकानदारही. गुन्हा नोंदला असता तर गटारांचं काम गेलं असतं आणि लेकीच्या घरी तोंड दाखवायची सोय उरली नसती. "कपडे बदलत होतो हो," एवढंच ते मान खाली घालून म्हणत राहिले.

मालकीणबाई आल्या त्या मला गाडीतून उतरवून काखोटीला मारूनच.

"साहेब, ह्या पडद्यामागे उभे राहा. मी मागे दिवा लावते. तुम्ही नुसता स्वेटर काढून दाखवा."

"मी?"

"मग काय, मी काढू?"

दोन शिपायांनी मला धरलं. साहेबांचं डोकं स्वेटरात अडकलं, कोपरं उडायला लागली. वसतिगृहाच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "अगं बाई! हुबेहूब तस्संच!"

साहेब घामाघूम होऊन बाहेर आले. दुकानदाराला म्हणाले, "आधी ते पुसून टाका. कुणाकुणाला पाठवलंत तेही सांगा. दुसऱ्याचं खासगी असं वाटत सुटलात तर आत तुम्ही बसाल." मग मालकांकडे वळून म्हणाले, "काका, गाडी तुमची, पण रस्ता सगळ्यांचा. बाहेरून दिसलं की कायदा तिला घर समजत नाही. खरंच काही वावगं असतं, तर मी सोडलं नसतं."

दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी मला जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचं अस्तर लावलं. पुढची बारा वर्षं बोटभर सावली मी बाहेर जाऊ दिली नाही. वसतिगृहाचं गटार तुंबलं की बाई "स्वेटरवाल्या काकांना बोलवा" म्हणायच्या, आणि मी काचेवर ताठ व्हायचो.

आता गाडी आवारात उभी असते. माझं अस्तर कोपऱ्यात उसवलंय. मित्रांनो, उभ्या गाडीत डोकावू नका, आणि आत बसलात तर काच ही काचच असते हे विसरू नका. जमलं तर मला दोन टाके घाला. घालणारे हात आता घरात नाहीत. मालकीणबाई गेल्या थंडीत वारल्या. मालक त्यांच्या आधी दोन वर्षं, एका रविवारी सकाळी वारले. अंगावर धुतलेले कपडे होते.